हलगी कुणी वाजवली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: भोसरीत राहणारा २४ वर्षांचा तरुण. आयटीआय करून तीन वर्षांपासून एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (जिथे पत्रा यंत्राने दाबून सुटे भाग बनवतात) कामाला आहे, हातात येणारा पगार २१ हजार. रात्री सेकंड हँड लॅपटॉपवर बीट्स (रॅपच्या मागे वाजणारं संगीत) बनवतो, त्यावर स्वतः मराठीत रॅपही करतो. त्याच्या एका गाण्याला पावणेदोन लाख व्ह्यूज मिळाले. त्यातली हलगी त्याने आजोळच्या एका मामांकडून मोबाईलवर रेकॉर्ड करून आणली होती, तिचाच लूप केला, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. त्याचा बालमित्रही रॅपर आहे. याच्या बीटवरचं त्या मित्राचं गाणं आसपासच्या भागात चांगलंच चाललं. ‘पण त्यात माझं नाव नाही. असो.’ आता मुंबईच्या एका लेबलने (गाणी काढणाऱ्या कंपनीने) १० बीट्सचे एकरकमी ८० हजार देऊ केले आहेत. कागदावर लिहिलंय की सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी लेबलचे, आणि पुढची दोन वर्षं तो जे काही बनवेल तेही लेबलचं. तोंडी सांगितलं, ‘रॅप सोड, तुझा हात बीटवर बसलाय.’ वडील म्हणतात, आधी पर्मनंट हो. ‘त्यांना यातलं काही कळत नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो, पैसे कोण देणार आणि कधी देणार. ताई, नोकरी सोडू का? आणि रॅपर होऊ की प्रोड्युसर?’

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरीवर तू जवळजवळ दोन पानं खर्च केली आहेस. पर्मनंटची यादी, सुपरवायझर, नाईट शिफ्ट, जेवणाच्या ताटावरची बाबांची बोलणी. मित्राच्या गाण्यावर तुझं नाव नाही, हे मात्र एका ओळीत उरकलंस आणि पुढे ‘असो’ लिहून मोकळा झालास. इतकी वर्षं लोकांची पत्रं वाचतेय. जिथे ‘असो’ येतं, तिथेच बहुतेक वेळा ठणकत असतं. म्हणून आपण तिथून सुरुवात करू, नोकरीकडे नंतर येऊ.

१९६९ मध्ये अमेरिकेत द विन्स्टन्स नावाच्या बँडची एक रेकॉर्ड निघाली. तिच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाचा तुकडा होता. त्यात मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर सहा-सात सेकंद एकटाच वाजवतो. पुढे सॅम्पलर, म्हणजे जुन्या गाण्यातला तुकडा उचलून नव्यात वाजवणारी यंत्रं, आले आणि ते सहा-सात सेकंद हजारो गाण्यांत जाऊन बसले, हिप-हॉपमध्ये, जंगल नावाच्या नाचाच्या संगीतात, जाहिरातींतसुद्धा. तूही ते ऐकलं असणारच, कुणाचं आहे ते माहीत नसताना. कोलमनला त्याचा एक डॉलरही मिळाला नाही. २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या काही डीजेंनी वर्गणी काढून बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याला सुमारे २४ हजार पौंड दिले. चांगलं केलं, पण ती वर्गणी होती. हक्काचे पैसे नव्हते ते.

आता तुझ्या मित्राचं. लेबल आपल्याला गंडवायला बसलंय आणि मित्र काही झालं तरी आपलाच, असा तुझ्या पत्राचा सूर आहे. मला जरा उलटं वाटतं. लेबलने निदान कागद पाठवला. तो वाईट आहे, पण वाचता येतो, खोडता येतो, नाकारता येतो. मित्राबरोबर कागदच नाही. उद्या त्याच्या गाण्याला कुणी दोन लाख देऊ केले, तर तुझा त्यात वाटा किती? तूही सांगू शकणार नाहीस आणि तोही नाही. मग दोघंही प्रामाणिक असताना भांडाल, आणि ते भांडण फार वाईट असतं.

त्याच्याकडे जा, पण ‘तू माझं नाव खाल्लंस’ अशी सुरुवात करू नकोस. त्याने बहुधा मुद्दाम केलेलं नाही. बीट बनवणारा म्हणजे मांडववाला, असं आपल्याकडे गल्लीत सगळेच समजतात. त्याला सांग की चहा मी पाजतो, आपण वाटणीपत्र करू. एका पानावर गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, बीट कुणाची, मिक्सिंग कुणाचं, आलेल्या पैशांत कुणाचे किती टक्के, आणि खाली दोघांच्या सह्या. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो एकमेकांना पाठवा. गाण्याखालच्या वर्णनात नाव टाकायला त्याला दोन मिनिटं लागतील. हे करायला तो तयार झाला नाही, तर पुढची बीट त्याला देऊ नकोस. मैत्री ठेव.

यानंतरचा भाग थोडा कायद्याचा आहे. कंटाळा करू नकोस, तुझ्यासारख्या बऱ्याच जणांची पत्रं इथेच अडकलेली असतात.

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. तू लिहिलेले शब्द ही एक. तू बांधलेलं संगीत, म्हणजे बीट, ही दुसरी. आणि शेवटी तयार झालेली ध्वनिफीत, जिला तुम्ही पोरं मास्टर म्हणता, ती तिसरी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या तिन्ही वेगळ्या धरल्या आहेत. गंमत म्हणजे याच कायद्यात ‘प्रोड्युसर’ हाही शब्द आहे आणि तो तुझ्यासाठी नाही. ध्वनिफीत तयार करण्यासाठी जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी उचलतो, तो कायद्याच्या भाषेत प्रोड्युसर, म्हणजे बहुतेक वेळा पैसे लावणारी कंपनी. हिप-हॉपमधला प्रोड्युसर, म्हणजे तू, कायद्याच्या नजरेत संगीतकार. करारात ‘प्रोड्युसरचे हक्क’ असं वाचून ते आपलेच असतील असं समजू नकोस. नेमकी तिथेच लोकांची फसगत होते.

लेबलच्या कागदावर ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द उगाच आलेले नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून त्यांच्या वकिलाने दोन्ही शब्द आवर्जून घातले. पेन हातात घे आणि ‘कायमचे’ खोडून ‘पाच वर्षं’ लिही. ते नाही म्हणतील. म्हणू देत. घासाघीस तिथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट तुझ्या बाजूची आहे. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यामागे जावेद अख्तर आणि इतर गीतकार-संगीतकारांनी बरीच वर्षं धरलेला आग्रह होता. तेव्हापासून शब्द आणि संगीत रचणाऱ्याला रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरलं गेलं की येणाऱ्या पैशांतला, आपला समान वाटा सोडून देता येत नाही. वारसाला देता येतो, कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. लेबलला ‘मला काही नको’ असं लिहून दिलंस, तरी तेवढ्यापुरतं ते लिहिणं चालत नाही. मात्र हा वाटा घरपोच येत नाही. त्यासाठी आयपीआरएस या सोसायटीचं सभासद व्हावं लागतं आणि आपली गाणी तिथे नोंदवावी लागतात. तुझी दोन गाणी प्रसिद्ध झाली आहेत, तेव्हा या महिन्यात ते काम कर. आणखी एक: हक्क विकले तरी ‘हे मी केलंय’ असं म्हणण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे रचणाऱ्याकडेच राहतो. मित्राकडे जाताना हे लक्षात असू दे, पण कलम त्याच्या तोंडावर फेकू नकोस.

आता ८० हजारांचा हिशोब. दहा बीट्स म्हणजे एका बीटला आठ हजार. तुझ्या पगाराच्या मानाने ही चार महिन्यांपेक्षाही कमीची रक्कम. तेवढ्यावर तू दहा बीट्स तर देतोसच, शिवाय पुढच्या दोन वर्षांतली प्रत्येक बीट, प्रत्येक हुक (गाण्याची लक्षात राहणारी ओळ), कदाचित रात्री दोन वाजता झोप येत नाही म्हणून वाजवलेली चालसुद्धा त्यांची होणार. त्या दोन वर्षांचा महिना किती देणार, हे कागदावर नाही. माझ्या मते दहा बीट्स ८० हजारांना देणं ही चूक असली तरी सावरता येण्यासारखी आहे. दोन वर्षं बांधून घेणं हा खड्डा आहे. त्यांना उलट प्रस्ताव पाठव: तीन बीट्स, पाच वर्षं, प्रत्येक गाण्यावर नाव, रॉयल्टीतला वाटा स्पष्ट लिहिलेला, अर्धे पैसे सहीच्या दिवशी, अर्धे फाइल दिल्यावर. दोन वर्षांचं कलम काढून टाका. आणि कागद वकिलाला दाखव, तोही लेबलने सुचवलेला वकील नको. दोन-चार हजार जातील, जाऊ देत. सगळं नाकारलं, तर तुझ्याकडे दहा बीट्स उरतातच की.

रॅपर की प्रोड्युसर? हा प्रश्न तुला लेबलने दिलाय. तो तुझा आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

न्यूयॉर्कच्या रॉक-अ-फेला लेबलला कान्ये वेस्टकडून बीट्स हव्या होत्या. २००१ मध्ये रॅपर जे-झीच्या ‘द ब्लूप्रिंट’ अल्बमवरच्या त्याच्या बीट्स गाजल्या. पण हा मुलगा ‘मला स्वतः रॅप करायचंय’ म्हणू लागला, तेव्हा कुणी फारसं मनावर घेईना. २००२ मध्ये गाडीच्या अपघातात त्याचा जबडा मोडला. तारांनी बांधलेल्या जबड्यानेच त्याने गाणं रेकॉर्ड केलं, आणि २००४ मध्ये त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला. (पुढे तो जे काही बरळला, ते आपण सोडून देऊ.) बीट्सनी त्याला दारापर्यंत नेलं आणि बीट्समुळेच तो दारात अडला. तुला कुणी ‘रॅप सोड’ म्हणालं, तर त्याला कौतुक समजण्याआधी बघ की त्यात सोय कुणाची आहे. बीटवाला गप्प बसला की स्वस्तात पडतो.

पण याची दुसरी बाजूही तुला सांगायला हवी, नाहीतर मी तुला उगाच चढवलं असं होईल. अमेरिकेतला रॅपर आणि प्रोड्युसर डॉ. ड्रे याच्या तोंडच्या कितीतरी ओळी दुसऱ्यांनी लिहिलेल्या आहेत. ते गुपितही नाही, श्रेयनामावलीत नावं छापलेली आहेत. त्याची खरी ताकद इतरांचा आवाज ओळखण्यात, आणि त्यावर त्याने स्वतःची कंपनी उभी केली. डेट्रॉइटचा बीटवाला जे डिला तर माइकपेक्षा यंत्रामागेच जास्त रमला. २००६ च्या फेब्रुवारीत, त्याच्या ३२ व्या वाढदिवशी ‘डोनट्स’ हा त्याचा अल्बम आला. सगळा बीट्सचा. तीन दिवसांनी तो वारला. त्याची एमपीसी, म्हणजे बीट्स बनवायचं यंत्र, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. चेहरा पुढे असला तरच नाव राहतं, असं काही नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन. ताडीवाला रोडवरून आलेला, स्वतःच्या बीट्स स्वतः करणारा. २०२० मध्ये त्याचा ‘तडीपार’ अल्बम आला. २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकल्यावर, ज्या घरांत रॅप कधी वाजलं नव्हतं तिथल्या काकवाही त्याला ओळखू लागल्या. तुझ्या वयाच्या मुलांना त्यातली ट्रॉफी दिसते. मला त्याआधीची वर्षं दिसतात, जेव्हा शब्द, बीट आणि आवाज या तिन्ही चाव्या एकाच खिशात होत्या. आणि कुर्ल्याच्या रॅपर नेझीचं पहिलं गाजलेलं गाणं २०१४ मध्ये आयपॅडवर झालं होतं, म्हणजे लॅपटॉप सेकंड हँड असल्याची तुझी तक्रारही मी मनावर घेत नाही.

तुझं गाणं मी ऐकलं, म्हणून थोडं स्पष्ट बोलते. बीट खरंच चांगली आहे. हलगी एका बाजूने येते आणि खालचा बेस तिला जागा देतो, हे शिकवून येत नाही. रॅप अजून कच्चं आहे. दुसऱ्या कडव्यात सलग सहा ओळी ‘-तोय’वर संपतात. मराठीत क्रियापदावरचं यमक फुकटात मिळतं आणि म्हणूनच ते फुकटचं वाटतं. नामावर यमक जुळव, कधी ओळीच्या पोटात जुळव. एखादा पोवाडा लक्ष देऊन ऐक. शाहीर दम लागेपर्यंत ओळी रेटतो आणि मग झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत त्याला श्वास देतात. तुझ्या गाण्यात श्वासाला जागाच नाही. यावर वर्षभर काम कर आणि मग ठरव. सध्या बीट्स विकून कमव, रॅप स्वतःच्या नावाने कर, आणि कुणाला दोन्हींतलं एक सोडण्याचं वचन देऊ नकोस.

आता नोकरी. सोडू नकोस, निदान आत्ता तरी नाही. पावणेदोन लाख व्ह्यूजचे तुला किती पैसे आले ते पत्रात नाही, म्हणजे सांगण्याजोगे आले नसावेत. स्ट्रीमिंगचीही तीच कथा. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात हजारदा ऐकलं गेलं नाही, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. तुझ्यासारख्याची कमाई येते ती कार्यक्रमांतून, मागणीप्रमाणे करून दिलेल्या बीट्समधून, दुकानांच्या जाहिरातींतून, आणि हो, भाऊंच्या वाढदिवसाच्या गाण्यांतून. नाक मुरडू नकोस. तुमच्या भागात दर वॉर्डात चार भाऊ आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून एक वाढदिवस येतो. फक्त पैसे आधी घे. वाढदिवस उरकल्यावर भाऊ फोन उचलत नाहीत.

एक वही कर. संगीतातून आलेला प्रत्येक रुपया आणि गेलेला प्रत्येक रुपया, तारखेसह. सलग सहा महिने खर्च वजा जाऊन तुझ्या पगाराच्या निम्मे पैसे वहीत दिसले आणि हाताशी सहा महिन्यांचा घरखर्च साठलेला असला, तर मला पुन्हा पत्र लिही, तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल. हा ठोकताळा माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. घरी आजारपण असेल, कर्ज असेल तर सहाचे बारा कर.

बाबांना यातलं काही कळत नाही, असं तू लिहिलंस. ‘पैसे कोण देणार आणि कधी देणार?’ अरे, लेबलच्या कागदाला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे! तू लिहिलेल्या अटींत एकरकमी असा शब्द आहे, तारीख कुठेच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पगाराच्या तारखेवर घर चालवलं, त्याने बरोबर भोकावर बोट ठेवलं. तो कागद एकदा बाबांसमोर ठेवून मोठ्याने वाच. रॅप त्यांना कळायची गरज नाही.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी तुला कुणी सांगितली नसेल. प्रेस शॉपमध्ये कानात प्लग घालतोस का? दिवसा प्रेसचा दणका आणि रात्री हेडफोन, असं तीन वर्षं चाललंय. बीटवाल्याचं भांडवल लॅपटॉप नसून कान असतात, आणि ते सेकंड हँड मिळत नाहीत. कानात शीळ वाजू लागली असेल, तर लगेच कानाच्या डॉक्टरकडे जा.

राहता राहिली ती हलगी.

तुझ्या गाण्याखालचं वर्णन मी वाचलं. बीट तू, शब्द तू, मिक्सिंग तू. कॅमेऱ्यावर कोण होतं त्याचं नाव आहे, शूटिंगला जागा दिली म्हणून जिमवाल्यांचे आभार आहेत. हलगी वाजवणाऱ्याचं नाव मी दोनदा शोधलं. पावणेदोन लाख वेळा त्यांची हलगी वाजली आणि ते त्यांना कुणी सांगितलंय की नाही, हेही तुझ्या पत्रावरून कळत नाही. मित्राने तुझ्याशी जे केलं त्यात आणि यात मला फरक सापडला नाही. तूही मुद्दाम केलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. वाजवणाऱ्यालाही कायद्यात हक्क असतात, पण इथे कायद्यापर्यंत जायची वेळ येऊ देऊ नकोस.

आज रात्री वर्णन बदल. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी आजोळी जा. मोबाईलवर नको, चांगला स्पीकर घेऊन जा आणि मामांना त्यांची हलगी ऐकव. पाकिटात तुझ्या ऐपतीप्रमाणे पैसे घाल, आणि मित्राबरोबर करशील तसंच वाटणीपत्र त्यांच्याबरोबरही कर. त्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखव. जमलं तर या वेळी नीट माइक लावून त्यांना पुन्हा रेकॉर्ड कर, मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये हलगीचा वरचा आवाज फाटलाय. तुझ्या अख्ख्या पत्रात ते नुसते ‘हलगीवाले मामा’ आहेत. गेल्यावर आधी त्यांचं पूर्ण नाव विचारून घे.

तुझी ताई